अठरा घनमीटर जादा

खणलेल्या मातीइतकी फुकट वस्तू जगात दुसरी नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा भाडेपट्ट्यावर प्लॉट घ्यावा आणि त्यात खड्डा खणून पाहावा. प्लॉट तुमचा, खड्डा तुमचा, खणायची दगदग तुमची, माती मात्र वसाहतीची. भाडेकरूला जमिनीवर उभं राहायचा हक्क आहे, जमीन इकडची तिकडे करायचा नाही. माती परिपत्रकाच्या पहिल्याच कलमात तसं लिहिलं आहे, आणि ते ज्यांनी लिहिलं ते साहेब या गोष्टीचे नायक आहेत. नायक म्हणजे एवढंच, की शेवटी सगळं त्यांच्यावरच शेकलं.

साहेब औद्योगिक वसाहतीच्या कार्यालयात तांत्रिक शाखेचे प्रमुख होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण त्यांच्यातला साहेब निवृत्त व्हायचं नाव घेत नव्हता. मोजमाप हा त्यांचा धर्म. चौतीस वर्षांच्या नोकरीत आपण एकही खोटं माप लिहिलं नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत, कारण दुसरं कुणी सांगायच्या भानगडीत पडत नसे. सव्वीस वर्षांपूर्वी वसाहतीत कुणीही कुणाच्याही प्लॉटवर माती टाकत होता, नाला बुजत चालला होता, म्हणून साहेबांनी बावीस कलमांचं परिपत्रक काढलं. त्यामागचं कारण चांगलं होतं. वाईट नियमांमागंही कारण चांगलंच असतं.

परिपत्रकाप्रमाणं मातीनं पासाशिवाय प्लॉटबाहेर जायचं नाही. शेवटच्या पासानंतर पंधरा दिवसांच्या वर प्लॉटवर राहायचं नाही. प्लॉटभर पसरायचं नाही, कारण पातळी वाढते. खड्ड्यात परत जायचं नाही, कारण मग तिला भराव म्हणतात आणि भरावाची परवानगी वेगळी. म्हणजे एकदा वर आलेल्या मातीला जाणं, राहणं आणि परत फिरणं, तिन्ही वाटा बंद. "एवढी बंधनं तर मला सासरीही नव्हती," असं साहेबांची बायको म्हणायची. घराच्या दिवाणखान्यात जिथं इतरांकडे लग्नाचा फोटो असतो, तिथं तिच्याकडे हे परिपत्रक काचेत घालून टांगलेलं होतं.

तर या साहेबांच्या लेकीनं वसाहतीच्या टोकाला, नाल्याच्या बाजूचा प्लॉट घेतला. चांगली नोकरी सोडून घेतला. तिथं ती पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणार होती; रंगाचे डबे, ग्रीसचे डबे, जे म्हणाल त्याची झाकणं. भाडेपट्ट्यात अट होती की ताबा मिळाल्यापासून दोन वर्षांत उत्पादन सुरू झालं पाहिजे, नाहीतर प्लॉट शेडसकट वसाहतीकडे परत. उत्पादन सुरू करायला दाखला लागतो, आणि दाखल्याच्या तपासणी-अर्जात पहिलीच ओळ अशी: "खोदकामाची माती प्लॉटवर शिल्लक नाही." दोन वर्षं संपायला बावीस दिवस उरले होते. प्रेस मशीन येऊन शेडमध्ये उभं होतं, त्याच्या पायाचा खड्डा खणून झाला होता, आणि माती शिल्लक होती.

तसं सगळं नियमाप्रमाणंच झालं होतं. खड्डा पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर खोल. पाच चोक वीस, वीस त्रिक साठ. साठ घनमीटरचे पास मिळाले, सहा-सहा घनमीटरचे दहा. दहा ट्रक भरून गेले. दहावा ट्रक गेटबाहेर पडला तेव्हा लेकीनं मागं वळून पाहिलं, तर शेडच्या दारात अजून तिच्या डोक्याच्या वर ढीग होता.

"हे काय?" ती म्हणाली.

जेसीबीवाला यंत्राच्या पायरीवर बसून पाणी पीत होता. "माती आहे, ताई."

"पण खड्डा तर साठचाच आहे."

"खड्डा साठचा आहे. माती फुगते ना. दाबून बसलेली असते तोवर साठ, मोकळी झाली की अठ्ठ्याहत्तर." त्यानं बाटलीचं झाकण लावलं. "काळजी नको करू. उद्या पहाटे ट्रॅक्टर पाठवतो, तीन खेपांत उरकेल. सगळे असंच करतात. गेटवरच्या काकांशी मी बोलतो."

लेक "बरं" म्हणाली आणि विषय मिटला. मिटलाच असता, पण घरी जेवताना तिनं तो वडिलांना सांगितला. शहाण्या माणसाकडून अशी चूक एखादवेळेस होते.

साहेबांचा घास हातातच राहिला. "पहाटे? पासाशिवाय?"

"बाबा, सगळे तसंच करतात."

"सगळे करत असतील. माझ्या वेळेला कुणाची टाप नव्हती. सव्वीस वर्षं रजिस्टर बघ, जेवढी माती निघाली तेवढी गेली, घनमीटरचाही फरक नाही. आणि माझ्याच मुलीनं पहाटे ट्रॅक्टर लावायचा?"

"मग काय करू?"

"काही करू नकोस. मी उद्या जातो. रीतसर अर्ज देतो, अठरा घनमीटरचे तीन पास जादा मिळतील. अर्ध्या तासाचं काम आहे."

आई भाजी वाढत म्हणाली, "त्यांच्या अर्ध्या तासात माझी दोन बाळंतपणं झालीत." पण तिचं त्या घरात कोण ऐकतो.

दुसऱ्या दिवशी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांचाच जुना हाताखालचा माणूस बसत होता. याला सगळे होयसाहेब म्हणायचे, कारण नोकरीची पहिली दहा वर्षं त्यानं "होय, साहेब" सोडून तिसरा शब्द उच्चारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. साहेबांना पाहताच होयसाहेब उठून उभे राहिले, चहा मागवला, आणि अर्ज वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"साहेब, हे तुम्ही लेखी दिलंत?"

"मग? तोंडी अर्ज कधीपासून चालायला लागले?"

"आवक शिक्का बसला का यावर?"

"आधी तो मारून घेतला, मग वर आलो."

होयसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मग कपाटातून परिपत्रक काढलं. "साहेब, फॉर्ममध्ये लांबी, रुंदी, खोली असे तीनच रकाने आहेत. त्यांचा गुणाकार साठ. साठ निघाली, साठ गेली. आता हे वरचे अठरा कुठून आले? बाहेरून आणले म्हणावं, तर सातवं कलम, विनापरवाना माती आणली. दुसरीकडे खणले म्हणावं, तर नववं कलम, विनापरवाना खोदकाम. दोन्हीत काम बंद करायची नोटीस आहे."

"अरे, माती फुगते. शाळेतल्या पोराला कळेल."

"मला कळतं, साहेब. परिपत्रकात नाही."

"ते अध्याहृत आहे."

होयसाहेबांनी शेवटचं पान उलटलं आणि अगदी खालच्या आवाजात वाचलं. "कलम बावीस. या परिपत्रकात जे लिहिलेलं नाही ते अध्याहृत धरू नये." खाली सही साहेबांचीच होती, वळणदार, दोन रेघांची.

त्याच दिवशी दुपारी दोन शिपाई आले, ढिगाभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: "वादग्रस्त माती. हात लावू नये." ढिगाला क्रमांक मिळाला. जेसीबीवाल्यानं लांबूनच हात जोडले. गेटवरचे काका म्हणाले, "ताई, आता माझ्यानं काही होणार नाही. कालपर्यंत तो नुसता ढीग होता, आज ती फाईल आहे." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेडचं दार पूर्ण उघडत नव्हतं, प्रेससाठी काँक्रीट घेऊन येणारी गाडी आत वळत नव्हती, आणि कामाला ठेवलेल्या चार बायका रोज सकाळी येऊन, दोरीबाहेर बसून गप्पा मारून परत जात होत्या.

साहेबांनी कच खाल्ली नाही. एक स्मरणपत्र दिलं, दुसरं दिलं, तिसऱ्यात मातीच्या फुगवट्याचं कोष्टक जोडलं. प्रत्येक पत्राला पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. बावीसचे बारा दिवस झाले. लेक आता घरी आली की थेट आपल्या खोलीत जायची. ती भांडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं, भांडणाला त्यांच्याकडे कलमं होती.

एका संध्याकाळी दिवाणखान्यात बसले असताना त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. खरं सांगायचं तर ती ते विसरले नव्हतेच, फक्त तिकडे फिरकत नव्हते. परिपत्रकाचा कच्चा मसुदा वाचायला त्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं, त्यात खोदकाम करणाऱ्यांचा एक म्हातारा मुकादमही होता. तो दाराशी उभ्या उभ्या म्हणाला होता, "साहेब, एक रकाना कमी पडतोय. चार घमेली खणली की पाच भरतात." खोलीतले दोघं-तिघं हसले. मुकादमावर हसले की साहेबांवर, ते साहेबांना कळलं नाही, आणि जे कळत नाही ते माणूस स्वतःवर ओढून घेतो. "तू मला गणित शिकवू नकोस," असं म्हणून त्यांनी मसुदा तसाच छपाईला पाठवला. रकाना राहून गेला नव्हता. साहेबांनी तो येऊ दिला नव्हता. त्यांना त्या संध्याकाळी स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी ते लेकीला घेऊनच कार्यालयात गेले. बसायच्या आधीच म्हणाले, "फॉर्म चुकीचा आहे. चूक माझी आहे. मी तसं लेखी देतो."

त्यांना वाटलं होतं, एवढं मोठं वाक्य बोलल्यावर खोलीत काहीतरी होईल. होयसाहेबांनी उठून फक्त दार लावलं.

"साहेब, द्या लेखी. मग समिती बसेल. मागची समिती गेटवरच्या कुंड्यांसाठी बसली होती, ती अजून उठलेली नाही. ताईंचे दहा दिवस उरलेत." ते थांबले. "आणि दुसरं एक आहे. फॉर्म चुकला म्हटलं की सव्वीस वर्षांची रजिस्टरं चुकली. चारशे बारा प्लॉट. प्रत्येकाची माती फुगली, आणि प्रत्येकाचं जेवढ्यास तेवढं जुळलं. ते कसं जुळलं, हे मग विचारावं लागेल."

"कसं जुळलं?" साहेबांनी विचारलं. त्यांनी खरोखरच विचारलं.

होयसाहेबांनी लेकीकडे पाहिलं, लेकीनं खिडकीकडे.

"ट्रॅक्टर, साहेब," होयसाहेब म्हणाले. "पहाटे. परिपत्रकाच्या पहिल्या वर्षापासून. पहिला ट्रॅक्टर त्या म्हाताऱ्या मुकादमानंच लावून दिला होता, लोकांची अडचण बघून. सगळ्यांना माहीत होतं. शिपायांना, गेटला, मला. तुम्हाला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि तुमचं रजिस्टर जुळत होतं, तुम्ही खूश होतात. मग म्हटलं, कशाला?"

साहेब खुर्चीत बसले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण त्यांनी आयुष्यभर दुसऱ्या खात्यांबद्दल वापरली होती. चौतीस वर्षांत एकही खोटं माप लिहिलं नाही हे खरंच होतं. त्यांच्या खऱ्या मापांपायी चारशे बारा माणसं पहाटे उठून चोर झाली होती, आणि सव्वीस वर्षांत अठरा घनमीटर जादा माती कागदावर आणणारा पहिला माणूस तेच होते.

"तुला माहीत होतं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"दोरी बांधली त्या दिवशी शेजारच्या प्लॉटवाल्यानं सांगितलं, हे तुमच्या वेळेपासूनच चालतंय म्हणून. तुम्हाला कसं सांगायचं ते कळेना, बाबा."

मग होयसाहेबांनी खणातून एक टाईप केलेला कागद काढला. तो आधीच तयार होता, म्हणजे ही वेळ येणार हे त्यांना माहीत होतं. "एक वाट आहे, साहेब. अर्ज मागं घ्यायचा. अर्ज मागं घेतला की अठरा घनमीटर राहत नाहीत, दोरी निघते, आणि पुढचं गेटवरचे काका बघतील. फक्त अर्ज मागं घ्यायला कारण द्यावं लागतं. तेवढं एकच कारण बसतंय."

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "सदर अर्जातील माप मी स्वतः घेतले होते. वाढत्या वयामुळे दृष्टी व स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिली नसल्याने मोजण्यात माझी चूक झाली. प्लॉटवर जादा माती नाही. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे."

"माझं माप बरोबर आहे," साहेब म्हणाले.

"होय, साहेब."

"अठरा म्हणजे अठरा आहे. मी तीनदा मोजलंय."

"होय, साहेब."

साहेबांनी लेकीकडे पाहिलं. तिनं "राहू द्या, बाबा" म्हणावं अशी त्यांची फार इच्छा होती. ती म्हणाली असती तर त्यांनी सही केली असती, आणि तिच्यासाठी आपण किती मोठं काही केलं या समाधानात पुढची दहा वर्षं काढली असती. पण लेकीनं दोन वर्षं त्या शेडमध्ये घातली होती, चार बायका दोरीबाहेर बसून होत्या, आणि तिला प्लॉट हवा होता. तिनं टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि वडिलांपुढं धरलं.

साहेबांनी सही केली. वळणदार, दोन रेघांची. माती फुगते हे खरं लिहायला त्यांना सव्वीस वर्षं लागली होती, आपल्याला मोजता येत नाही हे खोटं लिहायला अर्धं मिनिट लागलं. होयसाहेबांनी कागदावर शिक्का मारला आणि साहेबांना उठायला हात दिला. याआधी त्यांना कधी कुणी उठायला हात दिला नव्हता.

पुढचं सगळं भराभर झालं. पहाटे ट्रॅक्टर आला, तीन खेपांत ढीग गेला. कुठं गेला ते लेकीनं विचारलं नाही, साहेबांनीही नाही. पाया भरला, प्रेस बसला. पण कागदाला पाय असतात. आठवड्याभरात साहेबांच्या मोजमापाची बातमी वसाहतभर फिरली, आणि सरळ मनाच्या लोकांनी ती खरी धरली. जुने सहकारी भेटले की मोठ्यानं, सावकाश बोलायला लागले. निवृत्तांच्या संघटनेनं इमारतीच्या दुरुस्तीचं मोजमाप त्यांच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं आणि वर फोन करून सांगितलं, तुम्हाला त्रास नको म्हणून. बायकोला खरं माहीत होतं, तरीही दुधाच्या पिशव्या तिनं दोनदा मोजल्या.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी होयसाहेब तपासणीला आले. "खोदकामाची माती प्लॉटवर शिल्लक नाही," या ओळीपुढं त्यांनी न बघताच बरोबरची खूण केली. मग शेड आणि कुंपणाची भिंत यांतलं अंतर घ्यायचं होतं. ते कमीत कमी तीन मीटर लागतं. होयसाहेबांनी टेपचं एक टोक शिपायाच्या हातात दिलं आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, तुम्ही सावलीत बसा हं. उन्हात उभे राहू नका." आवाज मोठा होता, अगदी सावकाश.

साहेब बसले नाहीत. शिपायानं टेप ताणून धरली नव्हती, आणि मधोमध तिला एवढा झोळ पडला होता की त्यात मांजर झोपलं असतं. साहेबांच्या डाव्या हाताची बोटं आपोआप हलली.

"तीन मीटर एकोणीस," होयसाहेबांनी वाचलं, आणि जुन्या सवयीनं म्हणा, आदरानं म्हणा, वळून विचारलं, "बरोबर ना, साहेब?"

लेकीनं वडिलांकडे पाहिलं. शेड उभी राहिली तेव्हा हे अंतर त्यांनीच गुडघ्यावर बसून मोजून दिलं होतं, तीन मीटर पाच. ते तिला पाठ होतं. नियमात दोन्ही आकडे बसत होते, कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

साहेबांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "लिहा."